वकिलीच्या पदवीतले तीस मसुदे

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की पालक दोन प्रश्न विचारतात. तीन किंवा पाच वर्षांत नेमके शिकवतात काय? आणि पदवी हातात पडल्यावर मुलगा किंवा मुलगी कोर्टात उभी राहील का? पहिल्याचे उत्तर नियमावलीत छापलेले आहे. दुसऱ्याचे उत्तर त्याच नियमावलीतल्या चार विषयांवर अवलंबून आहे आणि महाविद्यालयांत सर्वांत कमी लक्ष त्यांच्याकडेच दिले जाते. हे पत्र त्या चार प्रात्यक्षिक विषयांबद्दल, विशेषतः मसुदालेखनाबद्दल आहे.

बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रत्येक एलएल.बी.मध्ये वीस अनिवार्य लेखी विषय, चार अनिवार्य प्रात्यक्षिक विषय आणि किमान सहा ऐच्छिक विषय असतात. विसांत न्यायशास्त्र, करार कायद्याचे दोन पेपर, मोटार अपघात आणि ग्राहक संरक्षणासह अपकृत्ये, कौटुंबिक कायद्याचे दोन, फौजदारीचे दोन, संविधानाचे दोन, मालमत्ता हस्तांतरण, पुरावा, दिवाणी प्रक्रिया व मुदत, प्रशासकीय कायदा, कंपनी, आंतरराष्ट्रीय कायदा, कर, पर्यावरण आणि कामगार कायद्याचे दोन पेपर येतात. विद्यापीठागणिक सत्रांचा क्रम बदलतो. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असे विषय जोडले जातात. गाभा मात्र सगळीकडे हाच. यादी चांगली आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. यातला प्रत्येक विषय स्वतंत्र पुस्तक म्हणून शिकवला जातो, त्याच्यावर एक लेखी परीक्षा होते आणि पुढच्या सत्रात तो मागे पडतो. पक्षकार मात्र कोणताही एक विषय घेऊन येत नाही. तो कागदांची पिशवी घेऊन येतो.

एक नेहमीचे प्रकरण घ्या. वडील वारले. वडिलोपार्जित शेतजमीन, दोन भाऊ, तीन बहिणी. वारसनोंद करताना भावांनी बहिणींची नावे लावलीच नाहीत. काही वर्षांनी थोरल्या भावाने त्यातली एक एकर तिऱ्हाइताला खरेदीखताने दिली. मधली बहीण सातबारा आणि फेरफाराची नक्कल घेऊन वकिलाकडे आली आहे.

कौटुंबिक कायद्याच्या पेपरात याचे उत्तर एका वाक्यात संपते : हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हिस्सेदार) झाली आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले की दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही. परीक्षेत यावर पूर्ण गुण मिळतात. दावा लिहायला बसल्यावर मात्र खरे प्रश्न पुढे येतात. आधी वाटप झाले होते का? झाले असल्यास नोंदणीकृत दस्ताने की कोर्टाच्या हुकूमनाम्याने? तारीख २० डिसेंबर २००४ च्या अलीकडची की पलीकडची (त्याआधीचे असे वाटप दुरुस्तीने मोडत नाही)? महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना हा हक्क दिला होता, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. त्यामुळे त्या काळातले जुने वाटप वाचताना बहिणीच्या लग्नाची तारीखही पाहावी लागते. पुस्तकात ही तळटीप असते, जुन्या फाइलीत तिच्यावर सगळे अडते.

मग मुदत. कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्या गेलेल्या व्यक्तीला बारा वर्षे मिळतात, आणि ती वगळल्याचे कळल्यापासून मोजतात (मुदत अधिनियम, अनुच्छेद ११०). म्हणजे ‘केव्हा कळले’ हे दाव्यात तारखेसह लिहिले पाहिजे आणि साक्षीत टिकले पाहिजे. नवशिक्याच्या मसुद्यात ‘दाव्यास कारण सतत घडत आहे’ एवढेच वाक्य असते. प्रतिवादीचा वकील उलटतपासाला तिथूनच सुरुवात करतो.

पक्षकार कोण? पाचही भावंडे आणि खरेदीदार. एक बहीण ‘मला काही नको’ म्हणाली म्हणून तिला वगळले, की आवश्यक पक्षकार जोडला नाही अशी हरकत येते. मिळकती किती? एकत्र कुटुंबाच्या सगळ्या. घर राहिले, विहिरीतला हिस्सा राहिला, तर अपुऱ्या वाटपाची हरकत येते. मागणी काय? बहीण खरेदीखतात पक्षकार नाही, म्हणून ते तिच्या हिश्श्यापुरते बंधनकारक नाही असे ठरवून मागायचे आणि सोबत वाटप व स्वतंत्र ताबाही मागायचा. नुसते ‘हक्क ठरवून मिळावा’ एवढेच मागितले, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ चे परंतुक आडवे येते : पुढचा अनुतोष (इथे वाटप व ताबा) मागता येत असताना तो मागितला नाही, तर निव्वळ घोषणा मिळत नाही. हे कलम विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. स्वतःच्या मसुद्यातला तोच दोष मात्र दिसत नाही, कारण स्वतःचा मसुदा त्यांनी कधी लिहिलेलाच नसतो.

आणि दावा जिंकल्यावर? शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी कोर्ट करत नाही. प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरतात आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. पक्षकाराला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे, नाहीतर निकाल लागल्यावर ‘जमीन कुठे आहे?’ हा प्रश्न वकिलाला ऐकावा लागतो.

या एका पिशवीत कौटुंबिक कायदा, मालमत्ता, मुदत, दिवाणी प्रक्रिया, पुरावा आणि जमीन महसूल संहिता असे निदान सहा विषय आहेत. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे फेरफार विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरा मानतात, पण फेरफाराने मालकी मिळत नाही. ही दोन वाक्ये एकत्र समजली तर सातबारा वाचता येतो. एकच समजले तर विद्यार्थी एकतर सातबाऱ्यालाच मालकीचा पुरावा मानतो, नाहीतर त्याला किंमतच देत नाही. (गोव्यात हेच प्रकरण वेगळ्या वाटेने जाते. तिथे वारसांमधले वाटप २०१२ च्या स्वतंत्र कायद्याखाली ‘इन्व्हेंटरी’ (मिळकतींची यादी करून वाटप) कार्यवाहीतून होते. सीमेवरच्या महाविद्यालयांनी निदान एक तास त्यावर द्यावा.)

फौजदारी पेपरांची अवस्था सध्या जास्त नाजूक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. जुन्या दंड संहितेतली ५११ कलमे ३५८ वर आली, फौजदारी प्रक्रियेची ४८४ कलमे ५३१ झाली. बाजारात तुलनात्मक तक्ते आले आणि मुले तेच पाठ करू लागली : खुनाचे ३०२ म्हणजे आता १०३, फसवणुकीचे ४२० म्हणजे ३१८(४). तक्ता पाठ करण्यातला धोका क्रमांकातच आहे. फौजदारी प्रक्रियेचे जुने ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, नवे ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. नव्या न्याय संहितेत ३०२ हे कलम आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे आहे, आणि ३०४ हिसकावून नेण्याबद्दलचे. अर्जाच्या शीर्षकात नुसता आकडा लिहून कायद्याचे नाव राहिले, तर काय मागितले आहे हेच कळत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुने कायदे संपलेले नाहीत. ३० जून २०२४ च्या रात्री गुन्हा घडला आणि फिर्याद २ जुलैला नोंदली, तर गुन्ह्याची कलमे दंड संहितेची आणि तपासाची पद्धत नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. १ जुलैला प्रलंबित असलेले खटले जुन्या प्रक्रियेने पुढे जातात (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५३१). आज दुसऱ्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्याला पुढची निदान दहा वर्षे दोन्ही पुस्तके टेबलावर ठेवावी लागणार आहेत. ‘जुने अभ्यासक्रमातून गेले, आता वाचू नका’ असे वर्गात कोणी सांगत असेल तर ते चुकीचे आहे.

पुराव्याच्या पेपरात इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र हे आता रोजचे काम झाले आहे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याचे दोन भाग असतात. ‘अ’ भाग नोंद हजर करणाऱ्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलीचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा) लिहायचे. व्हॉट्सअ‍ॅप संभाषणाचे स्क्रीनशॉट छापून दाव्यासोबत टाचणीने लावले की काम झाले, असा समज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या कितीतरी मुलांचा असतो. वर्गात एकदा संगणकावर फाइल उघडून तिचे हॅश काढून दाखवायला दहा मिनिटे लागतात.

आता ते चार विषय. पहिला मसुदालेखन, प्लीडिंग आणि दस्तलेखनाचा. नियम इथे फार बारकाईने सांगतो : मसुद्याचे पंधरा सराव, प्रत्येकी तीन गुण, एकूण ४५. दस्तांचे पंधरा सराव, तितकेच गुण. तोंडी परीक्षेला दहा. मसुद्यांत दावा, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), किरकोळ अर्ज, प्रतिज्ञापत्र, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), अपील, रिट याचिका, फिर्याद, जामीन अर्ज. दस्तांत खरेदीखत, गहाणखत, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र. हे तीस कागद विद्यार्थ्याने खरोखर स्वतः लिहिले, तर पहिल्या वर्षाची वकिली निभावते. आमच्या मते संपूर्ण पदवीतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे.

प्रत्यक्षात वरच्या वर्गातल्या मुलाचे जर्नल खाली येते आणि त्यावरून उतरवले जाते. ओळखणे सोपे असते : दाव्यातल्या मिळकतीच्या चतुःसीमा पाच वर्षांपूर्वीच्याच, वादीचे वय तेच, आणि सत्यापनावर (मजकूर खरा असल्याच्या शेवटच्या कबुलीवर) आधीच्या बॅचची तारीख. भाडेपट्ट्याच्या नमुन्यात घराच्या लिव्ह अँड लायसन्सच्या अटी मिसळलेल्या असतात, आणि लिव्ह अँड लायसन्स लेखी व नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी मालकाची आहे (महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५), याचा पत्ता नसतो. मृत्युपत्राखाली दोन साक्षीदार हवेत हे माहीत असते, पण साक्षीदारांनी कोणाची सही पाहायची आणि सह्या कोणासमोर करायच्या हे मसुद्यातल्या शेवटच्या परिच्छेदात लिहायचे राहून जाते. पुढे मृत्युपत्र शाबीत करताना नेमके तेच विचारले जाते.

सराव कसा द्यावा, याचा एक नमुना. विद्यार्थ्याला तयार तथ्ये देऊ नयेत. चेक न वटल्याची तक्रार घेऊन आलेल्या व्यापाऱ्याचे बोलणे जसेच्या तसे, उलटसुलट, अर्धवट तारखांसह द्यावे आणि पहिल्या तासाला फक्त तारखांचा तक्ता करून घ्यावा. समजा चेक न वटल्याचा बँकेचा मेमो ५ मार्चला मिळाला. नोटीस ३० दिवसांत, म्हणजे ४ एप्रिलपर्यंत पाठवायला हवी. ती २० मार्चला पाठवली, समोरच्याला २४ मार्चला मिळाली. पैसे देण्याचे १५ दिवस ८ एप्रिलला संपतात, दाव्यास कारण ९ एप्रिलला घडते आणि तक्रार ९ मेपर्यंत दाखल करायची. हे न मोजता ५ एप्रिललाच तक्रार दाखल केली तर ती अकाली ठरते. योगेंद्र प्रताप सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसे स्पष्ट सांगितले आहे. दुसरी चूक नोटिशीत होते : चेकची रक्कम वेगळी न दाखवता व्याज, नुकसानभरपाई आणि वकील फी एकाच आकड्यात मागितली जाते. नोटीस चेकच्याच रकमेची मागणी करणारी हवी, बाकीचे मागायचे असेल तर वेगळे दाखवावे. तारखांचा हा तक्ता ज्याने एकदा हाताने केला, तो मुदतीची बाब पुन्हा विसरत नाही.

भाषेचाही प्रश्न याच विषयात येतो आणि आम्हाला तो सर्वांत जास्त टोचतो. १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या उच्च न्यायालयाच्या अधिपत्याखालील न्यायालयांची भाषा मराठी केली. आज तालुक्याच्या कोर्टात रोजनामा, साक्ष, पंचनामा, फिर्याद बहुतेक मराठीत असते. वर्गात मात्र इंग्रजी पुस्तक, इंग्रजी नमुना. काही विद्यापीठांत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा आहे, पण प्रात्यक्षिकाचे जर्नल तिथेही इंग्रजीत उतरवलेले असते. परिणामी पदवीधराला ‘रिटन स्टेटमेंट’ माहीत असते, कैफियत नसते. पुरसीस (कोर्टाला द्यायचे छोटे लेखी निवेदन) कधी द्यायची, सरतपास (आपल्याच साक्षीदाराची पहिली तपासणी) आणि फेरतपास (उलटतपासानंतरची) यांत फरक काय, ‘निशाणी ५ चा अर्ज’ म्हणजे तूर्तातूर्त (तात्पुरत्या) मनाईचा अर्ज असे सगळे का म्हणतात, दरखास्तीत बेलिफाचे काम कुठे सुरू होते, हे तो कारकुनाला विचारत शिकतो. तूर्तातूर्त, वहिवाट, फेरफार, हुकूमनामा हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या कागदांवर आहेत. त्यांच्या जागी नवे बनवलेले शब्द शिकवू नयेत, कारण जुने दस्त त्याच शब्दांत वाचावे लागतात.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठी साक्षीपुराव्याचा नीट अनुवाद करता येणे हे वेगळे कौशल्य आहे. ‘कब्जेवहिवाटीत आहे’ हे इंग्रजीत नेताना मालकीचा अर्थ चिकटला, तर अपिलात नवाच वाद उभा राहतो. एका पंचनाम्याचा आणि उलटतपासाच्या एका पानाचा अनुवाद तीस सरावांपैकी दोन म्हणून ठेवायला काहीच हरकत नाही.

दुसरा विषय व्यावसायिक नीतिमत्तेचा आणि हिशेबाचा. त्यात शिस्तपालन समित्यांचे पन्नास निवडक निर्णय आणि सर्वोच्च न्यायालयाचे दहा निकाल वाचायचे असतात. मुले सारांश पाठ करतात. किमान एक निकाल मुळातून वाचून घ्यावा : आर. डी. सक्सेना खटला, २०००. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे तिथे ठरले. हा प्रसंग नव्या वकिलासमोर पहिल्या वर्षातच येतो. तिसरा विषय पर्यायी वादनिवारणाचा, तो बहुतेक ठिकाणी बरा शिकवला जातो.

चौथ्या विषयात तीन मूट कोर्ट (सरावासाठीचे काल्पनिक खटले), एक दिवाणी आणि एक फौजदारी खटल्याचे निरीक्षण, पक्षकाराच्या दोन मुलाखतींची नोंद आणि दावा दाखल करण्याच्या प्रक्रियेची डायरी असते. मूट कोर्टाला महाविद्यालये मान देतात, कारण तिथे ढाल आणि फोटो असतात. खटल्याच्या निरीक्षणाला ३० गुण आहेत आणि त्याचीच सर्वांत जास्त हेळसांड होते. अडचण खरी आहे : दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो, विद्यार्थी एक दिवस जातो आणि त्या दिवशी नेमकी पुढची तारीख पडते. मग डायरीत काल्पनिक साक्ष लिहिली जाते. यावर उपाय आहे. साक्षीच्या टप्प्यावर आलेले प्रकरण निवडायचे, फौजदारीत शक्यतो चेकचे आणि दिवाणीत मनाईचे साधे. त्याचा सीएनआर क्रमांक (कोर्टाने त्या प्रकरणाला दिलेला स्वतंत्र क्रमांक) डायरीत लिहायचा, म्हणजे कोर्टाच्या संकेतस्थळावर तारखा आणि टप्पे कोणालाही पडताळता येतात. जाण्याआधी त्या प्रकरणातले मुद्दे (कोर्टाने काढलेले वादाचे प्रश्न) वाचायचे. साक्ष ऐकताना एकच गोष्ट टिपायची : कोणता प्रश्न कोणत्या मुद्द्यासाठी विचारला.

इंटर्नशिपही अशीच. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान बारा आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस, सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आणि त्यात एकदा तरी खटला व अपील चालवणाऱ्या वकिलाकडे. पत्रावर सही आणून देणे म्हणजे इंटर्नशिप नव्हे. मुलाने कोर्टाच्या फाइलिंग खिडकीवर एक प्रकरण स्वतः हरकतीसह परत घेतले, दुरुस्त केले आणि पुन्हा दिले, एवढे झाले तरी चार आठवडे सत्कारणी लागले. कोर्ट फी मुद्रांक कमी, सत्यापनावर सही राहिलेली, कागदांच्या यादीतला क्रमांक चुकलेला, अशाच हरकती असतात आणि त्या पुस्तकात नसतात.

पुढे वकिलीसाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा शंभर बहुपर्यायी प्रश्नांची आहे. तिथे मूळ कायद्याची पुस्तके नेता येतात, पण एक ओळही लिहावी लागत नाही. म्हणजे पदवीतला मसुदा सोडला तर लेखन तपासणारी जागाच उरत नाही.

म्हणून विद्यापीठांना आणि प्राचार्यांना आमची विनंती आहे. तीसपैकी किमान दहा मसुदे वर्गात, हाताने, मराठीत लिहून घ्यावेत. सगळे मसुदे शक्यतो एकाच प्रकरणाचे असावेत : नोटीस, दावा, निशाणी ५ चा अर्ज, कैफियत, मुद्दे, सरतपासाचे प्रतिज्ञापत्र, हुकूमनामा आणि शेवटी दरखास्त. डायरीत सीएनआर क्रमांक नसेल तर निरीक्षणाचे गुण देऊ नयेत. आणि तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी जर्नलची जाडी न पाहता मधलाच एक मसुदा उघडावा, दाव्यास कारण घडल्याच्या तारखेवर बोट ठेवावे आणि विचारावे : ही तारीख इथे का लिहिली, आणि ती एक महिना पुढे गेली असती तर काय झाले असते?

आपले,
विधी महाविद्यालयांत प्रात्यक्षिक विषय शिकवणारे काही अध्यापक
व तालुका न्यायालयांत काम करणारे वकील